शिष्यवृत्ती : देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचे भान

आपल्या समाजात ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाला एक वेगळेच वजन आहे. ज्या घरात पाटी-पेन्सिल पहिल्यांदाच आली, त्या घरात ती बहुधा शिष्यवृत्तीच्या आधारानेच टिकली. त्यामुळे शिष्यवृत्तीकडे आपण कृतज्ञतेने पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु कृतज्ञतेच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. शिष्यवृत्ती देणारा ती का देतो? एखाद्या श्रीमंत देशाने आपल्या तिजोरीतून दुसऱ्या देशातील अनोळखी मुलाचे विमानभाडे, विद्यापीठाचे शुल्क आणि राहण्याजेवण्याचा खर्च का सोसावा? आणि एकाच देशाने नव्हे, तर अनेक देशांनी एकमेकांशी चढाओढ करून का सोसावा?

आपल्या निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांची मुले आज पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या टप्प्यावर आली आहेत. परदेशी शिक्षणाच्या जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. अशा वेळी हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. तो आपल्या पालकांचा आणि विद्यार्थ्यांचा झाला आहे. धम्मात कर्माचे मोल त्यामागील चेतनेवरून ठरते. शिष्यवृत्तीच्या व्यवहारातही देणाऱ्याची चेतना आणि घेणाऱ्याची चेतना या दोन्ही तपासून पाहिल्याखेरीज त्या व्यवहाराचे खरे स्वरूप कळत नाही. इतिहासाच्या आधारे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

नालंदेचा आधार

परदेशी विद्यार्थ्यांचा योगक्षेम चालविण्याची परंपरा आपल्याच भूमीत फार जुनी आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनमधून खडतर प्रवास करीत नालंदेला आला आणि आचार्य शीलभद्रांच्या चरणी बसून शिकला. त्याच शतकात इत्सिंग समुद्रमार्गाने आला. वाटेत सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे थांबून त्याने संस्कृतचा अभ्यास केला आणि पुढे नालंदेत सुमारे दहा वर्षे काढली. कोरियातूनही भिक्षू येत होते, असे त्याच्या लेखनातून दिसते. या सर्वांचा खर्च कसा चालत असे? ह्युएन त्संगाच्या चरित्रात शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला लावून दिल्याचा उल्लेख आहे. इत्सिंग हाच आकडा दोनशेहून अधिक सांगतो.

नवव्या शतकातील एक ताम्रपट याहून बोलका आहे. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल घराण्यातील राजा देवपाल याने पाच गावांचे उत्पन्न त्या विहाराला दिले. भिक्षूंचे अन्न, वस्त्र, अंथरूण-पांघरूण, औषधोपचार, ग्रंथांचे लेखन आणि इमारतीची डागडुजी यांसाठी हे उत्पन्न होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर परदेशी राजाने वसतिगृह बांधले आणि यजमान राजाने त्याचा चालू खर्च उचलला.

यात श्रद्धा होती, हे नि:संशय. पण केवळ श्रद्धाच होती काय? सुवर्णद्वीपाच्या राजाला समुद्रापलीकडील विद्याकेंद्रात आपले नाव आणि आपल्या भिक्षूंसाठी हक्काची जागा हवी होती. पाल राजाला दूरदेशीच्या राजाशी मैत्री आणि धम्माचा आश्रयदाता म्हणून कीर्ती हवी होती. विद्येला दिलेल्या आश्रयातून राजसत्तेला प्रतिष्ठा मिळते, हे सूत्र त्या काळीही ठाऊक होते. त्या सूत्राचा उपयोग विद्यार्थ्यांना झाला आणि ग्रंथ लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

भरपाईच्या रकमेतून विद्यार्थी

आधुनिक काळात या सूत्राला राजकीय हिशेबाचे रूप आले. चीनमधील बॉक्सर उठाव परकीय सैन्यांनी चिरडल्यानंतर १९०१ च्या तहाने चीनवर ४५ कोटी टेल चांदीची युद्धभरपाई लादण्यात आली. अमेरिकेच्या वाट्याला आलेली रक्कम तिच्या प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा पुष्कळच अधिक होती. त्या काळी हजारो चिनी विद्यार्थी शिक्षणासाठी जपानला जात होते. १९०६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे एक निवेदन ठेवले. त्याचा आशय असा होता की, जे राष्ट्र चीनच्या तरुण पिढीला शिकवील, त्याला तेथे नैतिक, बौद्धिक आणि व्यापारी प्रभावाच्या रूपाने आपल्या खर्चाचा भरघोस परतावा मिळेल.

१९०८ मध्ये अमेरिकेने जादा रक्कम सोडून देण्याचे ठरविले आणि ती चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वापरली जाऊ लागली. १९०९ मध्ये पहिली तुकडी अमेरिकेला गेली. या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९११ मध्ये बीजिंग येथे जी शाळा निघाली, तिचेच पुढे त्सिंघुआ विद्यापीठ झाले. नंतर ब्रिटन आणि फ्रान्स यांनीही आपापल्या वाट्याची भरपाई अशाच कामांकडे वळविली. शिष्यवृत्तीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा हा एक स्पष्ट आरंभ म्हणता येईल.

या शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्यांत हू शी होते. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते आणि त्याच सुमारास त्याच विद्यापीठात ड्यूई यांच्या विचारांचा संस्कार घेणारा दुसरा आशियाई तरुण म्हणजे आपले बाबासाहेब. हू शी यांनी मायदेशी परतून सर्वसामान्यांच्या बोलीला साहित्याची भाषा करण्याची चळवळ उभी केली. १९३५ मध्ये याच शिष्यवृत्तीवर छ्यान श्वेसन हे अग्निबाणशास्त्रज्ञ अमेरिकेला गेले. पुढे साम्यवादी असल्याच्या संशयावरून त्यांना पाच वर्षे नजरेखाली ठेवण्यात आले आणि १९५५ मध्ये चीनला पाठविण्यात आले. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे ते जनक ठरले. ज्या देशाने प्रभाव मिळविण्यासाठी शिकविले, त्याच देशाला प्रतिस्पर्धी उभा करणारे ज्ञान त्या शिक्षणातून निघाले. यावरून एक धडा मिळतो. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, एकदा आत्मसात केलेले ज्ञान घेणाऱ्याचे होते आणि त्याचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे त्याचा विवेक ठरवितो.

शीतयुद्धातील चढाओढ

दुसऱ्या महायुद्धानंतर ही चढाओढ जगभर पसरली. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. परदेशांत पडून असलेल्या अतिरिक्त युद्धसामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, अशी त्याची योजना होती. भारताशी यासंबंधीचा करार १९५० मध्ये झाला. त्याच वर्षी कोलंबो येथे राष्ट्रकुलातील देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होऊन ‘कोलंबो योजना’ आकाराला आली. तिच्याद्वारे आशियातील हजारो विद्यार्थी ऑस्ट्रेलियादी देशांत शिकले. गरीब आशियाई देश साम्यवादाकडे झुकू नयेत, ही चिंता त्यामागे उघडपणे होती. १९६० पासून राष्ट्रकुल शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या.

सोव्हिएत संघाने याला तितक्याच ठामपणे उत्तर दिले. १९६० मध्ये मॉस्को येथे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. कांगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाल्यावर १९६१ मध्ये त्यांचे नाव या विद्यापीठाला देण्यात आले. वसाहतवादाच्या विरोधातील सहानुभूती आणि महासत्तेचे राजकारण या दोहोंचा संगम त्या नावात होता.

या चढाओढीचा लाभ कसा करून घ्यावा, हे केनियाच्या टॉम म्बोया या तरुण कामगारनेत्याने दाखवून दिले. केनिया तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि स्थानिक तरुणांसाठी उच्चशिक्षणाच्या सोयी जवळपास नव्हत्या. म्बोया यांनी अमेरिकेत हिंडून तेथील महाविद्यालयांकडून शिष्यवृत्त्या मिळविल्या. प्रवासखर्चासाठी कृष्णवर्णीय कलावंत आणि खेळाडू यांनी लोकांना आवाहन केले. १९५९ मध्ये ८१ विद्यार्थ्यांना घेऊन पहिले विमान निघाले. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने त्यासाठी पैसा दिला आणि हा विषय अमेरिकी राजकारणातही गाजला. १९६० च्या तुकडीत वंगारी मथाई ही मुलगी होती. कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयात ती जीवशास्त्र शिकली, मायदेशी परतली, झाडे लावणाऱ्या ग्रामीण स्त्रियांची मोठी चळवळ तिने उभारली आणि २००४ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. महासत्तांच्या भांडणातून निर्माण झालेली फट हेरून आपल्या मुलामुलींसाठी वाट काढणारा जाणता कार्यकर्ता समाजात असावा लागतो. केनियात तो होता.

पाहुणा ग्राहक झाला

१९८० च्या सुमारास या कथेला वळण मिळाले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८०-८१ पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण अंगीकारले. राष्ट्रकुलातील देशांत नाराजी पसरली. मलेशियाच्या पंतप्रधानांनी १९८१ मध्ये ब्रिटिश मालाला शेवटचा क्रम देण्याचे धोरण जाहीर केले. त्यामागील कारणांत ही शुल्कवाढही होती. मग १९८३ मध्ये ब्रिटिश सरकारने निवडक विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती योजना सुरू केली. तीच १९९४ पासून ‘चेव्हनिंग’ या नावाने ओळखली जाते. अनेकांकडून पूर्ण शुल्क घ्यावयाचे आणि उद्याचे नेते होतील अशा मोजक्यांना सन्मानाने विनामूल्य शिकवावयाचे, अशी दुहेरी व्यवस्था त्यातून तयार झाली. ऑस्ट्रेलियानेही तोच मार्ग धरला आणि १९९० पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्क लागू केले.

आजचे चित्र या वळणातून घडले आहे. जगात साठ लाखांहून अधिक विद्यार्थी आपल्या देशाबाहेर शिकत आहेत. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ११,२६,६९० परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांत ३,३१,६०२ भारतीय, म्हणजे सर्वाधिक होते. या विद्यार्थ्यांमुळे त्या वर्षी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत ४३.८ अब्ज डॉलरची भर पडली, असा तेथील शिक्षणसंघटनेचा हिशेब आहे. म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी शिष्यवृत्तीवर जात नाहीत. ते, किंवा खरे म्हणजे त्यांचे आईवडील, त्या देशाला पैसा देत असतात.

मग शिष्यवृत्त्या कशासाठी? त्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण प्रभावाचे. चीनने २०१० मध्ये पाच लाख परदेशी विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले. २०१८ मध्ये तेथे ४,९२,१८५ परदेशी विद्यार्थी होते. त्यांपैकी ६३,०४१ जणांना, म्हणजे शंभरातील सुमारे तेरा जणांना, चिनी सरकारची शिष्यवृत्ती होती. आपल्या भाषेत शिकलेला, आपल्या शहरात मित्र असलेला माणूस उद्या त्याच्या देशात अधिकारी झाला, तर त्याचा उपयोग होतो, हा विचार त्यामागे आहे. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनीही २०१२-१३ च्या सुमारास अशाच शासकीय योजना सुरू केल्या.

दुसरे कारण घटत्या तरुण लोकसंख्येचे. जपानमध्ये १९८३ साली केवळ दहा हजारांच्या आसपास परदेशी विद्यार्थी होते. तेव्हा सरकारने एक लाखाचे लक्ष्य ठेवले, ते २००३ मध्ये गाठले. मग २००८ मध्ये तीन लाखांचे ठेवले, तेही २०१९ मध्ये ओलांडले. दक्षिण कोरियाने २०२७ पर्यंत तीन लाखांचा संकल्प २०२३ मध्ये जाहीर केला. ज्या देशांत मुले कमी जन्मतात, तेथे वर्ग ओस पडतात आणि कारखान्यांना माणसे मिळत नाहीत. परदेशी विद्यार्थी दोन्ही पोकळ्या भरून काढतो.

तिसरे कारण गुणवत्तेचे. जर्मनीत शासकीय विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नाही. दुसऱ्याच्या खर्चाने लहानाचा मोठा झालेला बुद्धिमान तरुण आपल्या प्रयोगशाळेत येतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो, तर हा सौदा त्या देशाला परवडतो. शिवाय जर्मनी, फ्रान्स यांसारखे देश गरीब देशांतील विद्यार्थ्यांवर आपल्या विद्यापीठांत होणारा खर्च विकास-साहाय्य म्हणून नोंदवितात. पैसा त्यांच्याच देशात फिरतो आणि मदतीच्या वहीत जमाही होतो.

भारतही या स्पर्धेत आहे. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. पुण्यात शिकणारे आफ्रिकी आणि पश्चिम आशियाई विद्यार्थी आपण पाहतो, त्यांतील काही याच मार्गाने आलेले असतात. त्यांना खोली भाड्याने देताना आपण कसे वागतो, यावरही देशाची किंमत ठरत असते. घर नाकारले जाण्याचे दु:ख काय असते, हे आपल्या समाजाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

शिष्यवृत्ती आणि सवलत

पालकांनी येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. शिष्यवृत्ती या एकाच शब्दाखाली आज दोन अगदी भिन्न गोष्टी वावरत आहेत. ब्रिटनची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मेक्स्ट, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस, या शिष्यवृत्त्यांत सामान्यत: शुल्क, निर्वाह आणि प्रवास यांची तरतूद असते. त्यांची निवड कठीण असते आणि अटीही असतात. उदाहरणार्थ, चेव्हनिंगसाठी पदवीनंतर २,८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. फुलब्राइटच्या विद्यार्थ्यालाही दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते.

याउलट अनेक विद्यापीठे प्रवेशपत्रासोबतच न मागता ‘शिष्यवृत्ती’ पाठवितात. ती बहुधा शुल्कातील सूट असते. समजा, वर्षाचे शुल्क वीस लाख रुपये आहे आणि चार लाखांची ‘शिष्यवृत्ती’ मिळाली. घरात पेढे वाटले जातात. परंतु उरलेले सोळा लाख आणि परक्या शहरातील राहणीचा खर्च कोठून आणावयाचा, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी जमीन विकली जाते, घर गहाण पडते. दुकानदाराने भाव वाढवून सूट द्यावी, त्यातला हा प्रकार कित्येकदा असतो. प्रवेश मिळवून देणाऱ्या पुष्कळ मध्यस्थांना विद्यापीठाकडून दलाली मिळते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून पालकांनी एकच प्रश्न लेखी उत्तरासह विचारावा : शिक्षण पूर्ण होईपर्यंत आमच्या पदरचे एकूण किती जाणार? या प्रश्नाचे उत्तर शून्याच्या जवळ असेल, तर ती शिष्यवृत्ती. ते लाखांत असेल, तर ती सवलत आणि बाकीचे कर्ज.

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असेही नव्हे. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बँकेतील एका राखीव खात्यात आधी दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. धोरणेही बदलत असतात. २०२४ च्या आरंभी कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली. कालपर्यंत बोलावणारा देश आज दार लोटून घेऊ शकतो. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

बाबासाहेबांनी काय केले

शिष्यवृत्ती कशी घ्यावी आणि कशी वापरावी, याचा सर्वांत मोठा वस्तुपाठ बाबासाहेबांचे जीवन आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात होती. सयाजीरावांचे औदार्य खरे होते, आणि संस्थानाला सुविद्य अधिकारी हवे होते, हेही खरे होते.

बाबासाहेबांनी या संधीचा अर्थ नोकरीची पूर्वतयारी एवढाच घेतला नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या जोडीने त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यानंतर ते लंडनला गेले. मुदत संपल्याने १९१७ मध्ये परत यावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजूही झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. जातिव्यवस्थेने तो करार अशक्य करून टाकला. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली रक्कम यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आणि मग त्यांनी काय केले? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले आणि त्यात उच्च व परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला स्वत:ला राजाच्या मर्जीवर शिकावे लागले, त्याने पुढच्या पिढ्यांसाठी तीच गोष्ट मर्जीतून हक्कात आणली. शिष्यवृत्तीच्या इतिहासात याहून मोठे परिवर्तन मला तरी दिसत नाही.

हक्क आणि त्यावरील अटी

त्या हक्काच्या परंपरेत केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती येते. ती १९५४-५५ पासून चालू आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या घटनादेश-दुरुस्तीनंतर मिळाल्या. सध्या या योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत आणि ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन्हींत उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. या अटी बदलत असल्याने ज्या वर्षी अर्ज करावयाचा, त्या वर्षीची जाहिरात स्वत: वाचावी.

२०२२ मध्ये केंद्राच्या योजनेत एक नवा नियम आला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात शिकण्यासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच उपलब्ध आहेत, असे समर्थन केले गेले. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा नियम अन्यायकारक वाटतो. बडोदा संस्थानाने असा नियम केला असता, तर कोलंबियातील तो जातिसंस्थेवरील निबंध त्या शिष्यवृत्तीवर लिहिला गेला नसता. ज्यांच्यावर इतिहासाने अन्याय केला, त्यांच्याच मुलांनी तो इतिहास जगाच्या विद्यापीठांत अभ्यासू नये, असे म्हणणे म्हणजे खर्च देऊन प्रश्न काढून घेणे होय. अन्य देश आपल्या हितासाठी अटी घालतात, हे समजण्यासारखे आहे. आपल्या हक्काच्या योजनेतील अटींवर मात्र आपण बोलले पाहिजे, कारण येथे आपण लाभार्थी नाही, नागरिक आहोत.

आता करावयाचे काम

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा, म्हणून काही गोष्टी आपल्या शाळेच्या परिवारापुढे ठेवतो. आपल्या मुलांची संधी पुष्कळदा बुद्धीअभावी जात नाही, ती कागदाअभावी जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे. वडिलांच्या आडनावात एका अक्षराचा फरक. जातीचा दाखला आहे, पण वैधता प्रमाणपत्र नाही. अर्जाची मुदत संपत आली की ही धावपळ सुरू होते. नववीत असतानाच प्रत्येक विद्यार्थ्याचे सर्व दाखले तपासून एकसारखे करून घेण्याचे काम शाळा आणि पालक मिळून करू शकतात.

दुसरे काम माजी विद्यार्थ्यांचे आहे. जवळपास प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘मला हे का शिकावयाचे आहे आणि शिकून मी काय करणार आहे’ याचे निवेदन लिहावे लागते. शहरातील सुखवस्तू घरातील मुलाला ते लिहून पाहणारी, सुधारून देणारी माणसे घरातच भेटतात. आपल्या मुलाला ती भेटत नाहीत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे प्राध्यापक, अधिकारी, अभियंते, परिचारिका झाले आहेत, त्यांनी वर्षाला दोन विद्यार्थ्यांचे अर्ज जरी मन लावून वाचले, तरी पुष्कळ होईल. म्बोया यांनी विमानभर विद्यार्थी पाठविले. आपण दोन अर्जांपासून आरंभ करू.

तिसरी गोष्ट मुलींची. ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९०२ मध्ये स्थापन झाली, पण स्त्रियांना तिचे दार १९७७ पर्यंत बंद होते. आज बहुतेक दारे उघडी असताना ती आपल्या घरातच लावून घेतली जाऊ नयेत. मुलीला परक्या देशात पाठविताना वाटणारी काळजी स्वाभाविक आहे. तिच्यावर उपाय म्हणजे नीट माहिती, तेथे असलेल्या ओळखीच्या माणसांशी संपर्क आणि तिच्यावर विश्वास.

शेवटी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे आहे. जगातील देश शिष्यवृत्त्या देतात, त्या तुमची गरिबी पाहून क्वचितच देतात; ते तुमच्यात आपला उद्याचा लाभ पाहतात. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ओशाळे होऊन घेऊ नका आणि आंधळेपणानेही घेऊ नका. करारातील प्रत्येक अट वाचा, देणाऱ्याचा हेतू ओळखा आणि त्याच्या समोर तुमचा स्वत:चा हेतू स्पष्ट शब्दांत लिहून ठेवा. तो हेतू केवळ स्वत:पुरता असेल, तर शिष्यवृत्ती एका माणसाची नोकरी होईल. त्यात समाजाचा वाटा असेल, तर ती पुढच्या पिढीचा हक्क होईल. शिष्यवृत्तीची परतफेड पैशाने होत नाही. आपल्या मागे येणाऱ्याची वाट सोपी करणे, हीच तिची परतफेड.